कोठी ते मांडवी: दरवाजे दहा, आतून पाहिले दोन

बडोद्यातल्या जुन्या इमारती पायी दाखवणारी एक फेरी केली, तिचा आधी हिशेब सांगते, मग गोष्टी. माणशी ४०० रुपये, नाश्ता त्यातच. रविवारी सकाळी साडेसहाला कोठी कचेरीपाशी जमायचं आणि साडेनऊला मांडवीच्या पलीकडे सुटायचं. आम्ही चौदा जण होतो. चाल फार नाही, पण उभं राहणं पुष्कळ. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी घडीचं स्टूल न्यावं, मी सांगते म्हणून न्यावंच. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच.

मी दांडिया बाजारातली. सासर मांजलपूरला, म्हणजे जन्मापासून आजपर्यंत बडोद्याबाहेर काही फार गेले नाही. आपल्याच गावात पैसे मोजून फिरायचं हे आमच्या ह्यांना पटलं नाही. तेवढ्यात दुलीरामचे पेढे येतील, म्हणाले. पण पुण्याहून भाची आली होती, तिने मोबाइलवर दोघींची नावं घालूनही टाकली. 'मावशी, तुला सगळं माहीत असेल, पण कुणी दुसरा सांगताना ऐक की एकदा.' ऐकलं. शेवटी मीच जास्त बोलले, ही गोष्ट वेगळी.

गाइड पंचविशीचा, आर्किटेक्चर शिकणारा गुजराती मुलगा. मराठी सगळं कळतं, बोलायला लागला की हिंदीवर घसरतो. मला पहिल्याच मिनिटाला 'मासी' करून टाकलं. आवाज मोठा, स्वभाव गोड, वेळेचा पक्का. सुरुवात मात्र त्याने केली ती लक्ष्मीविलास पॅलेस बकिंगहॅमच्या चौपट आहे या वाक्याने. हे वाक्य आमच्या गावात रिक्षावालासुद्धा स्टेशनवरून बसल्याबसल्या ऐकवतो. आणि पॅलेस तर या फेरीत नव्हताच! कोठीच्या दारात उभं राहून राजवाड्याची मापं कशाला काढायची? कोठीबद्दल सांग की बाबा. ज्या कचेरीत अर्धं बडोदं सात-बाराच्या उताऱ्यासाठी चपला झिजवतं, तिथे सांगण्यासारखं काय कमी असेल?

तिथून रावपुरा रोडने टॉवरपाशी आलो. चिमणाबाई टॉवर, १८९६ चा. आम्ही कुणी त्याला चिमणाबाई टॉवर म्हणत नाही, रावपुरा टॉवर म्हणतो. एकेकाळी इथे घोड्यांची ट्राम थांबायची हे त्याने सांगितलं आणि भाचीला ते फार आवडलं. मग म्हणाला, या चिमणाबाई म्हणजे अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा. मी गप्प बसणार होते, खरंच. पण नाही राहवलं. अरे, चिमणाबाई दोन! पहिल्या तंजावरच्या, लग्न १८८० चं, १८८५ मध्ये वारल्यासुद्धा. टॉवर त्यांच्या स्मरणार्थ, न्यायमंदिरालाही नाव त्यांचंच. महिला परिषद १९२७ ची, ती दुसऱ्या चिमणाबाईंची, देवासच्या घाटग्यांच्या लेकीची. सयाजीरावांनी दुसऱ्या राणीलाही नाव तेच ठेवलं, त्यात या पोराचा काय दोष. पण ४०० रुपये घेतल्यावर एवढं वाचून यावं. त्याने लगेच मोबाइल काढून टिपून घेतलं, हे मात्र त्याच्या खात्यात जमा.

आता चांगलं सांगते. तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा चार मजली लाकडी वाडा. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. गाइडने रखवालदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दार उघडं. लहानपणापासून या वाड्यावरून हजारदा गेले असेन, वरच्या खोल्यांत पहिल्यांदा पाय ठेवला. लाजच वाटली. जिना असा अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने उलटं उतरावं. आणि वर भिंतभर चित्रं. कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठे लढाई आणि मधेच झग्यातल्या मडमा! एका कोपऱ्यात रंग पोपडा धरून सुटलाय आणि त्याखालून चुन्याचा पांढरा डाग बरोबर एका गवळणीच्या हातावर आलाय. हात नाही, पण हातातलं मडकं शाबूत. गाइडने टॉर्च भिंतीवर सरळ न मारता बाजूने तिरका धरला, तेव्हा चितारीने आधी ओढलेल्या रेघा दिसल्या. इथे तो खरा शिकलेला वाटला. पंचवीस मिनिटं थांबलो, कुणी घड्याळ पाहिलं नाही. दोन तारे तर इथल्या इथेच दिले असते.

मग दांडिया बाजार. माझं माहेर, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही. अरविंद घोषांचं घर बाहेरून पाहिलं. १८९३ ते १९०६ ते बडोद्याच्या नोकरीत होते, खासेराव जाधवांच्या त्या बंगल्यात राहायचे. आत शांतता पाळतात, चौदा जणांचा घोळका आत नको हे गाइडचं म्हणणं बरोबरच होतं. तिथून माणिकरावांच्या आखाड्यात. पाटीवरचं नाव जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा मुसलमान उस्ताद, राजरत्न प्रो. माणिकराव त्यांचे शिष्य. शिष्याने स्वतःच्या नावाऐवजी गुरूचं नाव लावलं, गावाने मात्र शिष्याच्याच नावाने हाका मारल्या. लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० इथेच शिकले. कवायतीचे हुकूम इंग्रजीत नकोत, आपल्या भाषेत हवेत, हे माणिकरावांनी इथूनच सुरू केलं. हाड बसवण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

माझे वडील रोज संध्याकाळी इथे यायचे. न्यायमंदिरात बेलिफ होते, १९५८ ते १९८९. समन्स बजावायचं, जप्तीला जायचं, दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून शिव्या खायच्या. संध्याकाळी इथे येऊन मुद्गलांची जोडी फिरवायची. भाऊ माझा मलखांबावर, मी दाराशी वडलांच्या चपलांवर लक्ष ठेवायला. त्या चपलांच्या रांगेत वकिलाचे पंप शू आणि हमालाच्या टायरच्या चपला शेजारी शेजारी असायच्या. म्हणून माझं लक्ष आधी दाराकडे गेलं: चपला अजून बाहेरच काढतात. एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मलखांबाला एरंडेल चोळत होता. भाचीला बाथरूमला जायचं होतं, तिने त्याला विचारलं. त्याने तेलकट हाताने नुसतं कोपरानेच दाखवलं: 'मागे आहे ताई, कडी आतून घट्ट लावा, सुटते.' कुठून आलात, कोण, काही नाही.

हे बाथरूमचं मी मुद्दाम लिहितेय, कारण आखाड्यात यायच्या जरा आधी आम्ही एका जुन्या क्लबच्या फाटकाशी दहा मिनिटं उभे होतो.

क्लबचं नाव लिहीत नाही. बडोदेकरांना क्लब माहीत आहेत आणि बाहेरच्यांना नावाने फरक पडत नाही. संस्थानी काळातल्या साहेबलोकांसाठी, सरदार-दरकदारांसाठी निघालेला, आता मेंबर लोकांचा. झाडं मोठी, आत लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, कुठेतरी टेनिसच्या चेंडूचा टप्-टप् आवाज. गाइडकडे इथे पाटीवर लिहिलेल्यापलीकडे काहीही नव्हतं. 'अंदर बिलियर्ड का पुराना टेबल है', तो म्हणाला. तू पाहिलंस? नाही. मग? भाचीने रखवालदाराला विचारलं तर 'मेंबर छो?' एवढाच प्रश्न. फोटोही नाही. तेवढ्यात एक गाडी आली तर आम्हा चौदा जणांना गटाराच्या बाजूला सरकवलं. रखवालदाराचं चूक नाही, त्याला पगार त्याचाच मिळतो. पण फेरीच्या जाहिरातीत 'ऐतिहासिक क्लब' असं ठळक लिहायचं आणि दाखवायचं फाटक, हे बरोबर नाही. एखाद्या मेंबराला धरून व्हरांड्यापर्यंत तरी परवानगी काढता आली असती. एक तारा इथे कापला.

त्या फाटकावर मला वडलांची गोष्ट आठवली, ती मी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितली. १९७१-७२ ची असेल. क्लबातल्या एका साहेबांच्या नावाचं समन्स होतं, घरी सापडत नव्हते, संध्याकाळी हमखास क्लबात असतात असा पत्ता लागला. वडील सायकलने गेले. समन्स ज्याचं त्याच्या हातात द्यावं लागतं, रखवालदाराकडे ठेवून चालत नाही. निरोप आत गेला, उत्तर आलं की साहेब पत्त्यांवर बसलेत, थांबायला सांगा. अडीच तास लिंबाखाली उभे. मग व्हरांड्याच्या पायरीपर्यंत बोलावलं, वहाणा खाली काढायला लावल्या, साहेबांनी हातातले पत्ते उलटे धरून दुसऱ्या हाताने सही केली. वडील घरी येऊन जेवायला बसले आणि म्हणाले, 'मी आत गेलो नाही, कागद गेला.' त्या दिवशी आखाडा चुकला याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं होतं.

गाइड ऐकत राहिला. मग म्हणाला, 'मासी, ये सब मेरे नोट्स में नहीं है.' नसणारच.

मला या फेरीबद्दल जे म्हणायचंय ते हेच. कुणी बांधलं, कधी बांधलं, कमान कुठल्या शैलीची, हे त्याला चोख पाठ आहे. पण दारातून कोण आत जायचं आणि कोण बाहेर उभं राहायचं, हे कुठल्याच इमारतीपाशी त्याने सांगितलं नाही. आमच्या या एका रस्त्यावर तर सगळी गंमत त्याचीच आहे.

सुरसागरपाशी नाश्ता. सेव-उसळ. मी कुरकुर करत नाही, पण उसळीवरची तर्री पातळ होती आणि पाव कालचे. सेव-उसळीत बडोदेकराला फसवता येत नाही. ठेल्याचं नाव लिहीत नाही, आयोजकांनी बदलावा. तलावाचं जुनं नाव चंदन तलाव. मधला महादेव २००२ चा, म्हणजे आमच्या पिढीच्या मानाने नवाच. लहानपणी इथे पाणी आणि गणपती विसर्जन एवढंच होतं. समोर संगीत महाविद्यालय, १८८६ चं, उस्ताद मौलाबक्षांनी सुरू केलेलं. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी बडोद्यातच भरवली. तंजावरच्या चिमणाबाईंबरोबर आंदणात भरतनाट्यम नाचणाऱ्याही आल्या होत्या, म्हणजे ते नृत्य गुजरातेत कसं आलं त्याचं उत्तर त्या लग्नात. हे गाइडला माहीत होतं, छान सांगितलं. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने इथून निघून गेले आणि त्यांच्या लेकीने पुढे नाव लावलं हिराबाई बडोदेकर, हे मी जोडलं. चौदापैकी सहा मराठी होते, त्या सहांनी माना डोलावल्या. बाकीच्यांनी उसळ संपवली.

आंबेडकरांचं त्याने इथेच सांगितलं. सयाजीरावांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं, कोलंबियाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाची म्हणाली, 'आणि १९१७?' त्याला अर्धंच ठाऊक होतं. ते अर्धं तिने पुरं केलं: शिकून संस्थानच्या नोकरीला परत आले तर गावात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी हुसकावलं. शेवटी कमाटीबागेत झाडाखाली बसले आणि बडोदं सोडून गेले. ज्या राजाने सक्तीचं मोफत शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेलं, त्याच्याच राजधानीत एक खोली मिळाली नाही. कमाटीबाग या रस्त्यावर नाही हे खरं, पण टाळ्या घेतल्या तर हेही सांगायला हवं. गाइडने पुन्हा मोबाइल काढला.

न्यायमंदिर. इथे मी जरा बाजूला जाऊन उभी राहिले.

चिझम साहेबाने बांधलं, १८९६. बांधायला घेतलं होतं भाजीबाजार म्हणून, झालं न्यायालय. आता पुढ्यात दुकानांची अशी दाटी की समोरून पूर्ण इमारत दिसतच नाही. फोटो काढायचा तर रस्त्याच्या मधोमध उभं राहून हॉर्न ऐकावे लागतात. कोर्ट २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याला गेलं. त्या सकाळी दाराला कुलूप होतं. फटीतून डोकावलं तर अंधार. मला मात्र सगळं दिसत होतं. मधला मोठा हॉल, मोझेकच्या भिंती, चिमणाबाईंचा पुतळा आणि त्या पुतळ्याच्या पायाशी पक्षकारांच्या बायका डबा उघडून बसलेल्या. शनिवारी अर्ध्या शाळेनंतर मी वडलांचा डबा घेऊन यायचे. एका कोर्टाच्या दारापुढची फरशी इतकी झिजली होती की तिथे पाय घसरायचा. वडील म्हणायचे, इथे माणसं तारीख ऐकायला एका पायावर उभी राहतात, म्हणून खड्डा पडलाय. नाव पुकारणाऱ्या शिपायाचा आवाज घुमटात जाऊन परत यायचा, तेव्हा वाटायचं की वरून दुसरा कुणीतरी नाव घेतोय. गाइडने बायझंटाइन शैली, घुमट, लंबकमानी असं बरंच सांगितलं. ऐकलं नाही मी, खोटं कशाला बोलू.

लहेरीपुरा दरवाजा भराभर झाला. सोनाराच्या दुकानांपुढे एक बाई आमच्यातून गळाली ती परत आली नाही. मांडवी म्हणजे जुन्या गावाच्या मधोमधली चौकोनी इमारत, चारी बाजूंना तीन-तीन कमानी. गर्दी सुरू झाली होती, गाइडचा आवाज स्कूटरच्या आवाजात बुडाला. ही जागा पहिली ठेवून कोठी शेवटी नेली तर बरं, साडेसहाला इथे कबुतरं आणि दूधवाले सोडून कुणी नसतं. जवळच बँक ऑफ बडोदा १९०८ मध्ये उघडली, हे सांगितलं.

शेवटी बँक रोडची सेंट्रल लायब्ररी. उघडायला अजून वेळ होता, म्हणून पुन्हा बाहेरूनच. अमेरिकेहून बोलावलेल्या बॉर्डन साहेबाने १९१० मध्ये बडोद्याच्या ग्रंथालयांचं काम हातात घेतलं, राजाने राजवाड्यातली स्वतःची २० हजार पुस्तकं देऊन टाकली. आतल्या लोखंडी मांडण्या मजल्यावर मजला अशा आहेत आणि त्यांच्या मधल्या चालायच्या वाटा काचेच्या. जाड, दुधी काच, खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून. खालून वर पाहिलं की वरच्या माणसाच्या चपलांच्या तळव्यांची सावली दिसते, माणूस दिसत नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्या काचेवर पाय ठेवायला घाबरून रडले होते. वडील पुढे गेले, काचेवर दोनदा उडी मारून दाखवली आणि ग्रंथपालांचा ओरडा खाल्ला. बेलिफाला ओरडा नवा नव्हता. हा भाग फेरीत दाखवत नाहीत. वेळ एक तास पुढे ढकलली तर दाखवता येईल. उरलेला अर्धा तारा इथला. आयोजकांना मी लिहून कळवलंय.

साडेनऊला सोडलं. भाचीला घेऊन मी रिक्षाने खंडेराव मार्केटला गेले, ते फेरीत नाही. सयाजीरावांच्या कारभाराच्या पंचविशीनिमित्त १९०६ चं, मग नगरपालिकेला दिलेलं. गंमत पाहा, जी भाजीबाजार व्हायची ती इमारत न्यायमंदिर झाली आणि जिचं नाव मार्केट आहे तिच्यात महापालिका बसते. मागे मात्र भाजी आणि फुलं अजून आहेत. मोगऱ्याचे दोन गजरे घेतले, अळूची पानं घेतली.

जावं का? बडोद्यात नवे असाल तर जरूर जा, तांबेकर वाड्यासाठीच जा. पाण्याची बाटली न्या, ते देत नाहीत. जुने बडोदेकर असाल तर सोबत एक तोंड बंद ठेवणारा माणूस न्या, म्हणजे तुम्हाला बोलता येईल.

परवा गाइडचा मेसेज आला. पुढच्या महिन्यापासून न्यायमंदिरापाशी बेलिफांबद्दल पाच मिनिटं बोलणार आहे, वडलांचा बिल्ला असेल तर दाखवायला आणाल का मासी, फी नको. बिल्ला आहे, पितळी, कपाटातल्या डब्यात काळा पडला होता. काल चिंचेने घासला. नंबर वाचता येतोय.